एका ‘व’चा फरक

आपल्याला धड न येणारी गोष्ट दुसऱ्याला शिकवण्यात दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, हात धरील असा माणूस अख्ख्या सुरतेत नव्हता. नव्वदच्या सुमारास ते धुळ्याकडून आले आणि पलसाण्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात चिकटले. बँकेतल्या नोकरीपायी मी सुरतेच्या कोसाड भागात त्यांच्याकडेच राहत होतो, त्यामुळे त्यांचा पहिला विद्यार्थी होण्याचा मान मला मिळाला. सकाळी कारखान्यात काही कानावर पडलं, की संध्याकाळपर्यंत ते कुणाला तरी शिकवल्याशिवाय दाजींना जेवण जात नसे. पॉलिस्टरला रंग चढायला एवढी वाफ का लागते, हे त्यांनी ताईला कणीक मळताना शिकवलं आणि रिक्षावाल्याला भर रहदारीत. ऐकणारा एखादा प्रश्न विचारी आणि यांचं घोडं अडे. मग दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारून ते सगळ्या कारखान्याला भंडावून सोडत. छटा ट्यूबलाइटखाली नाही, दिवसाच्या उजेडात बघायची असते, हे कळलं त्या आठवड्यात ते दुकानातली साडी उचलून तडक रस्त्यावर आले. मागोमाग दुकानदार धावला. दाजींनी त्यालाही शिकवलं.

हे खूळ आलं कुठून, याचं मला भारी कुतूहल. काही वर्षांनी एकदा खनपटीलाच बसलो, तेव्हा म्हणाले, “सेठनी पहिलाच दिन सांगं व्हतं ना, ‘पहेलां शीखवुं पडशे, पछी मास्टर.’ म्हणजे पहिले शिकाडनं पडी, मंग मास्टर!” कारखान्यात रंग जुळवणाऱ्या मुख्य कारागिराला मास्टर म्हणत, आणि त्या जागेवर दाजींचा जीव जडला होता. तोवर बँकेच्या काउंटरवर माझं गुजराती चांगलं मुरलं होतं. हसू दाबत मी म्हटलं, “दाजी, शीखवुं म्हणजे शिकणं. शिकवणं म्हणजे शीखववुं.”

दाजींनी दोन्ही शब्द तोंडात घोळवले. “म्हणजे एक ‘व’नाकरता मी इतला वरीस घसा कोरडा करा?”

पण सवय सुटली नाही ती नाहीच.

त्याच वर्षी दिवाळीआधी जुने मास्टर कायमचे गावी गेले. नवा मास्टर ठरायचा त्या दिवशी दाजी इस्त्रीचा सदरा घालून निघाले, ताईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी ते रिकाम्या हाताने आले. सेठने एका ओडिया कारागिराला मास्टर केलं होतं. रंग कसा ढवळायचा इथपासून त्याला दाजींनीच तयार केलं होतं. मला फार वाईट वाटलं.

“वाईट वाटनं का तुम्हले?” ताईने हळूच विचारलं.

“वाटनं ना, खोटं कसाले बोलू? पन सेठनी त्याले ईचारं, तुले इतलं कोनी शिकाडं? त्यानी मनाकडे बोट दाखाडं.” दाजींनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

पाय धुवायला ते मोरीत गेले आणि तिथूनच ओरडले, “त्याले काळा रंग अजून जमत नही. सकाळले शिकाडनं पडी!”

पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ते रडत होते, हे ताईलाही कळलं आणि मलाही. आम्ही दोघं त्यांची जेवायला वाट बघत बसलो.