करमरकर सरांचा रिव्ह्यू आणि मागच्या बाकावरचे तिघे

माझं शॉर्टहँडचं तिसरं पान भरत आलं तरी वर्गात एकाही पोरानं मान वर केली नव्हती. कुणी खोकत नव्हतं, कुणी बाक सरकवत नव्हतं. करमरकर सर खुर्चीत बसून एका सुरात इंग्रजी नोट्स सांगत होते आणि अख्खा वर्ग त्या उतरवून घेत होता. माझ्या डाव्या बाजूला रावसाहेब समाधानानं मान हलवत होते. उजव्या बाजूला जमनादासशेठ झोपले होते.

मला राहून राहून वाटत होतं, काहीतरी गडबड आहे. कारण हाच वर्ग रोज माझ्या डोक्यावर असतो. ऑफिस खाली, वर्ग वर. माझा टाइपरायटर फुल स्पीडमध्ये चालू असला तरी करमरकर सरांच्या वर्गाचा आरडाओरडा खाली ऐकू येतो. आणि आज? आज पंख्याची करकर ऐकू येत होती.

थांबा, मी फार पुढे पळालो. आधी मी कोण ते सांगतो.

मी कांबळे. राहायला परळला, वडील गिरणीत, आणि मी गिरगावातल्या एका कॉलेजात स्टेनो-टायपिस्ट. टेम्पररी. शॉर्टहँड म्हणजे समोरचा माणूस बोलतो त्याच वेगानं रेघोट्यांमध्ये लिहून घ्यायचं, आणि मग त्या रेघोट्या बघून टाइप करायचं. माझा स्पीड चांगला आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढचा सगळा घोळ त्या स्पीडमुळेच झाला म्हणून सांगतो.

आमचे प्रिन्सिपॉलसाहेब मध्यंतरी परदेशात जाऊन आले. येताना त्यांनी एक आयडिया आणली. ते म्हणाले, प्रोफेसर एकदा परमनंट झाला की तो शिकवतो का, काय शिकवतो, कसं शिकवतो, कुणीच बघत नाही. तेव्हा दर काही वर्षांनी प्रत्येक परमनंट प्रोफेसरचा रिव्ह्यू करायचा. म्हणजे एक कमिटी न सांगता त्याच्या वर्गात जाणार, मागच्या बाकावर बसणार आणि रिपोर्ट देणार. आमच्यासारख्या टेम्पररी लोकांचा रिव्ह्यू हेडक्लार्क रोजच करतो, त्याला कमिटी लागत नाही.

पहिला नंबर करमरकर सरांचा लागला. ते इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना लॉजिक शिकवतात. लॉजिक म्हणजे तर्कशास्त्र, आपलं बोलणं कुठे घसरतं ते पकडायचं शास्त्र. सर या टर्मला पंचावन्न पुरे करणार. पंचावन्नला रिटायर व्हायचं, पण कॉलेजनं ठरवलं तर साठपर्यंत एक्स्टेन्शन, म्हणजे मुदत वाढवून मिळते. ती द्यायची की नाही ते या रिव्ह्यूवर ठरणार होतं. आणि सर गेले की लॉजिक हा विषयच बंद करावा, असं मॅनेजिंग कमिटीत एकानं आधीच बोलून ठेवलं होतं. त्या मीटिंगचे मिनिट्स मीच टाइप केले, म्हणून मला माहीत.

रिव्ह्यू कमिटीत दोघं. एक रावसाहेब. रिटायर्ड मामलेदार, शिवाजी पार्कला राहतात, पहाटे फिरून येतात, दिवसभर तपकिरी बूट आणि हातात काठी. दुसरे जमनादासशेठ. कापडाचे व्यापारी, कॉलेजचे नवे ट्रस्टी. सर जे जे बोलतील ते लिहून घ्यायला तिसरा मी. पोरांनी ओळखलं तर ती नाटकं करतील म्हणून प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः आले नाहीत. मी नोकरीला नवीन, ऑफिसातून कधी वर जात नाही, त्यामुळे मलाही कुणी ओळखत नव्हतं.

तर असे आम्ही तिघं मागच्या बाकावर. तास संपला. पोरं रांगेनं बाहेर गेली. रांगेनं! रावसाहेबांनी जिन्यातच मला रिपोर्ट सांगितला. "शिस्त उत्तम. विद्यार्थी अखेरपर्यंत लिहीत होते. गोंगाट अजिबात नाही. एक्स्टेन्शन द्यावं."

शेठ जांभई देत म्हणाले, "हो, हो. मला पण फार शांत वाटला."

मी रिपोर्ट टाइप केला, कार्बन घालून. नियम असा होता की ज्याचा रिव्ह्यू झाला त्यानं रिपोर्ट वाचून खाली सही करायची. मी उड्या मारत स्टाफरूममध्ये गेलो, ऑफिसातला कांबळे म्हणून सरांना नाव सांगितलं. म्हटलं, चला, चांगली बातमी आपण द्यायची.

सरांनी रिपोर्ट वाचला. परत वाचला. चष्मा काढला.

"कांबळे, हा कुणाचा रिपोर्ट?"

"तुमचाच, सर. अभिनंदन!"

"मागे बसले होते ते तिघे म्हणजे ही कमिटी?"

"दोघं कमिटी, सर. तिसरा मी."

सरांनी रिपोर्ट टेबलावर टाकला. मग दाराकडे तोंड करून ओरडले, "परब! अरे ए परब! आत ये."

परब हा लालबागचा पोरगा. वर्गातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. तो आत आला, मला बघून जागच्या जागी थबकला.

"सर, ह्योच तो! ह्योच लिहीत होता!"

"काय सांगितलंस तू मला तासाच्या आधी? परत सांग."

"तेच, सर. मागे सीआयडी बसलेत. जपून."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. हल्ली संयुक्त महाराष्ट्राची एवढी मोठी चळवळ चाललीय, रोज कुठे ना कुठे सभा. प्रत्येक सभेत स्टेजच्या खाली पोलिसांचा माणूस बसतो, साध्या कपड्यात, आणि भाषण शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतो. लालबाग-परळच्या शेंबड्या पोरालासुद्धा हे माहितीय. आमच्या चाळीत तर मी शॉर्टहँडचा क्लास लावला तेव्हाच पोरं विचारायची, काय रे, पोलिसात चाललास काय?

त्यामुळे वर्गातल्या पोरांनी काय बघितलं? काठी घेतलेला, पोलिसांसारखे तपकिरी बूट घातलेला एक म्हातारा. झोपल्याचं सोंग घेतलेला एक शेठ. आणि मधे एक काळा, किडकिडीत इसम, सर तोंड उघडायच्या आधीपासून पेन्सिल सरसावून बसलेला. दुसरं काय समजणार?

"अरे पण सीआयडी लॉजिकच्या तासाला कशाला येईल?" मी विचारलं.

परब म्हणाला, "तू आमचा भांडण नाय बघितलंस म्हणून विचारतस."

भांडण ही सरांची पद्धत. पाऊण तास लॉजिक, इंग्रजीत. मग पुस्तक बंद आणि भांडण, मराठीत. सर एक विषय देतात. एक पोरगा उभा राहून बाजू मांडतो, बाकीच्यांनी ती मोडायची. या दिवसांत विषय एकच. मुंबई महाराष्ट्राला का मिळाली पाहिजे. आणि सर मुद्दाम जो सगळ्यात जोरात घोषणा देतो त्यालाच उलटी बाजू देतात. हे कुणी अर्धवट लिहून घेतलं तर दोन्हीकडच्यांना सरांवर चिडता येईल. म्हणून पोरांनी ठरवलं, आज मान वर करायची नाही. आणि सरांनीही ठरवलं, आज फक्त नोट्स.

"माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भिकार लेक्चर," सर म्हणाले. "आणि त्याला हा रिपोर्ट उत्तम म्हणतो! मी सही करणार नाही."

"सर, करून टाका ना. मिळतंय एक्स्टेन्शन."

"कांबळे, तुझ्या स्पीडचं सर्टिफिकेट तुला पेन्सिल मोडली त्या दिवसावर दिलं तर घेशील?"

मी घेतलं असतं. 

सर थेट प्रिन्सिपॉलसाहेबांच्या केबिनमध्ये. मी कागद घेऊन मागे.

"परत रिव्ह्यू करा," सर म्हणाले.

"करमरकर, तुम्ही पास झालात. पास झालेला माणूस परत परीक्षा मागतो का?"

"नापास करा. पण मी शिकवलेल्या तासावर करा."

"रिपोर्ट खराब आला तर मी काही करू शकणार नाही. घरी बसावं लागेल. तुमचा विषयही जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"बरं. कांबळे, रावसाहेबांना फोन लाव."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं परत मागच्या बाकावर. या वेळी सरांनी आमची वर्गाला ओळख करून दिली. माझी सुद्धा. "हे आपल्या ऑफिसातले कांबळे. पोलिसात नाहीत." वर्ग असा हसला की रावसाहेबांनी पहिल्याच मिनिटाला काठी आपटली.

मग सर उभे राहिले आणि अख्खा तास बसले नाहीत. फळा भरला, पुसला, परत भरला. पोरं मधेच प्रश्न विचारत होती. सर उत्तर न देता तोच प्रश्न दुसऱ्याला विचारत होते. मी काय लिहू? एका वेळी चार जण बोलताहेत, शॉर्टहँडमध्ये त्याला चिन्ह नाही. रावसाहेबांचं तोंड आंबट होत चाललं. शेठ मात्र जागे होते.

मग पुस्तक बंद. भांडण.

"परब," सर म्हणाले, "मुंबई वेगळी ठेवली पाहिजे, ही तुझी बाजू."

"सर, परत मीच?"

"कालच्या मोर्चात तुझाच आवाज सगळ्यात मोठा होता असं कळलं. ऊठ."

परब उठला. मनात नसलेलं बोलायचं म्हणजे कसं होतं, तुम्हाला माहितीय. "मुंबई... वेगळी ठेवावी. कारण मुंबईत... श्रीमंत लोक राहतात. त्यांना वेगळी हवी. म्हणून ठेवावी." बसला.

वर्ग खो खो हसला. आणि माझ्या उजव्या बाजूनं आवाज आला.

"असा नाय रे, भाई! असा काय मांडतो?"

जमनादासशेठ उभे होते.

रावसाहेबांनी त्यांचा कोट खाली ओढला. "शेठ, आपण कमिटी आहोत."

"कमिटी हाय म्हणूनच सांगतो. आमची बाजू हा असा सांगणार तर कोण पण हरणार!"

सर म्हणाले, "शेठ, मग तुम्हीच मांडा. पण नियम सगळ्यांना एकच. वर्ग मोडून काढणार."

"काढू दे."

शेठनी मांडलं. मुंबई धंद्यावर उभी आहे, ती कुठल्याही एका राज्यात गेली तर धंदा बुडणार. परब परत उठला, आता स्वतःच्या बाजूनं.

"शेठ, आत्ता मुंबई वेगळी आहे काय?"

"नाय. द्विभाषिकात हाय. मराठी, गुजराती सगळे एकत्र."

"मग तुमचा धंदा बुडाला?"

शेठनी कोट सारखा केला. "बुडाला नाय. पण बुडेल."

वर्गानं बाकं बडवली. सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. भीती. पुरावा. आणि 'भीती'खाली रेघ मारली. शेठनी ती रेघ नीट बघितली.

"ठीक हाय," ते म्हणाले. "आता मी विचारू? तू बोलतो, इथे मराठी माणूस जास्त म्हणून मुंबई महाराष्ट्राची. उद्या दुसरा माणूस जास्त झाला, तर उद्या त्याची?"

परबनं मागे वळून दोस्तांकडे बघितलं. दोस्त फळ्याकडे बघत होते. मी पेन्सिल टेकवून बसलेला, लिहायला काहीच नाही.

"बोला," सर म्हणाले. "शेठनी चांगला धरलाय तुम्हाला."

आणि बेल झाली.

जिन्यात रावसाहेब काठी आपटत उतरत होते. "कांबळे, लिही. शिस्त असमाधानकारक. विद्यार्थी परवानगीशिवाय बोलतात. बाकं वाजवतात. कमिटीच्या एका सदस्यानं..." इथे ते थांबले.

"लिव ना," शेठ म्हणाले. "एक सदस्य उभा राहिला. खरा हाय ते."

"एक्स्टेन्शन देऊ नये," रावसाहेबांनी पुरं केलं.

"माझी पण सही लागते ना? मी नाय करणार."

"शेठ, त्या पोरानं तुमची भर वर्गात फजिती केली!"

"केली. पण मी बोललो तेव्हा सगळे गप्प बसून ऐकले. माझ्या घरी कोण ऐकते मला? आणि माझ्या सवालाचा उत्तर बाकी हाय त्याच्याकडे. लॉजिक बंद केला तर कोण देणार मला उत्तर?"

दोघांची वादावादी जिन्यात चालू राहिली. मी दोन पायऱ्या खाली उभा राहून सगळं लिहून घेत होतो, कुणी थांब म्हटलं नाही म्हणून. शेवटी तोडगा निघाला. एक्स्टेन्शन साठपर्यंत नाही, फक्त एक वर्ष. मग परत रिव्ह्यू. आणि वर्गात शांतता राखण्याची प्रोफेसरांना सक्त ताकीद.

सही करून टाकली असती तर सरांना पाच वर्षं मिळाली असती. मी त्यांना हे बोलूनही दाखवलं. ते नवीन रिपोर्टावर सही करत होते.

"एक वर्ष माझं आहे," ते म्हणाले. "ती पाच सीआयडीची होती."

मी यातून काय शिकलो म्हणाल तर दोन गोष्टी. अनोळखी ठिकाणी शॉर्टहँड काढायच्या आधी आपण कोण ते सांगावं. आणि एखादा वर्ग फारच शांत दिसला, तर कौतुक करायच्या आधी पोरं कुणाला घाबरलीत ते बघावं. दुसरी गोष्ट मी प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगितली नाही. मी टेम्पररी आहे.

पुढच्या तासाला मी खाली ऑफिसात नोटीस टाइप करत बसलो होतो, 'लॉजिकच्या वर्गात विद्यार्थ्यांनी शांतता राखावी.' परब उत्तर शोधून आला होता म्हणे. ते मला ऐकू आलं नाही. वरून येणाऱ्या आवाजांत सगळ्यात मोठा आवाज जमनादासशेठचा होता.