उचललेला आवाज

इंदूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लालबागला माझ्या क्लासमध्ये होते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, सुधाताईंनी, एवढंच सांगितलं, "इंदू गेली गं सकाळी." आणि पहिला विचार आला तो हा, की आता तो आवाज कुठेच नाही... बाईंनी आयुष्यात कधी स्वतःचं रेकॉर्डिंग करू दिलं नाही. "घरी नेऊन घोटाल," म्हणायच्या.

मी तर रेकॉर्डिंगशिवायच उचलला होता. आवाज आणि उच्चार शिकवणाऱ्यांसाठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला दादरला प्रवेश घेतला, तेव्हा मला घरच्या मालवणी बोलण्याची भारी लाज वाटायची. बाई तिथे आम्हाला शिकवायच्या. त्या बोलायच्या ते शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचायचं आणि तरी वाटायचं, आपल्या एकटीशीच बोलतायत. मी पार भारावून गेले. सहा महिन्यांत मी हुबेहूब त्यांच्यासारखी बोलू लागले. फोनवर सुधाताईसुद्धा फसायच्या.

वर्षभर एका माणसाच्या आवाजावर काम करायचं, हीच आमची परीक्षा. माझ्याकडे घोडपदेवची सरिता होती. शाळेत शिकवायची. दुपारपर्यंत तिचा घसा बसायचा आणि नोकरी सोडावी लागणार म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी तिला बाईंसारखं संथ, खालच्या पट्टीत बोलायला शिकवलं. परीक्षेत तिने धडा वाचला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ही मी आहे. सरिता कुठंय?" आणि मला चक्क नापास केलं! मी मनातल्या मनात त्यांना लाख शिव्या घातल्या. पण सरिताचा घसा अजून बसतच होता, हेही खरं होतं.

पुढच्या रविवारी बाई तीन जिने चढून आमच्या लालबागच्या चाळीत आल्या. गिरणीत मागावर काम करणारे माझे बाबा घरीच होते. त्यांनी चहासाठी आईला हाक मारली, "गो, च्या हाड मगे!" अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र विचारून बाबांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "परत मारा ना हाक."

"परत कित्याक? ऐकल्यान तिना."

तरी त्यांनी मारली. बाईंचे डोळे भरून आले. मला म्हणाल्या, "मागांच्या खडखडाटात हा माणूस जन्मभर बोललाय, आणि घसा बघ कसा शाबूत आहे. हे घरात असताना तू माझ्याकडून काय उचलतेस?"

मी सरिताला बाबांपुढे आणून बसवलं. श्वास कुठून सोडायचा ते त्यांनी दाखवलं, मी ते तिच्या अंगात मुरवलं. ती बोलायची तशीच भरभर, घोडपदेवची राहिली, पण आवाज शेवटच्या तासापर्यंत टिकू लागला. तिची नोकरी राहिली. पुढच्या खेपेला मी पास झाले.

गेल्या आठवड्यात गिरगावला सुधाताईंना भेटायला गेले. बाईंची खोली अजून तशीच आहे. ताईंनी माझा हात धरला. "एकदा तिच्यासारखं बोल गं. फसव मला." नाही कसं म्हणणार? बाई रोज त्यांना विचारायच्या, तेच विचारायचं ठरवलं. श्वास घेतला. "ताई, औषध घेतलंस का?"

खोलीत माझाच आवाज घुमला. लालबागचा, बाबांचा. पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला... ताईंनी हळूच नाही अशी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागल्या. बाईंनी आपला आवाज माझ्या गळ्यातून कधी काढून नेला, ते मला कळलंसुद्धा नव्हतं.