कापसाच्या यार्डाशेजारचं गाणं

त्या हिवाळ्यात उमरखेडला कापसाच्या गाड्यांची रांग यार्डाच्या फाटकातून निघायची ती पार सडकेवर यायची. खरेदी आज सुरू, उद्या बंद. माणसं गाडीखालीच जेवत, गाडीखालीच निजत. त्याच दिवसांत यार्डाला लागून असलेल्या मैदानावर ती गाणार आहे, असं ओरडत भोंगा लावलेली जीप गावभर फिरली.

ती कोण ते सांगत नाही. तिची पहिली कॅसेट आली तेव्हा मी बारावीत होते. अब्बांचं ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. लाइट गेली की मी दुकानातल्या एका जुन्या बॅटरीला टेप जोडायची आणि तीच बाजू पुन्हा पुन्हा ऐकायची. फीत अडकायची. मी ती पेन्सिलीनं गुंडाळायची आणि परत लावायची. तिच्यासारखे कपाळावर केस सोडले, तर फूफीनं मूठभर तेल ओतून ते चापून बसवले.

फूफी म्हणजे अब्बांची मोठी बहीण. विधवा होती, आमच्याकडेच राहायची. मला वाटलं होतं अब्बा नाही म्हणतील. ते हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "जा. फूफीको साथ ले जा." माझ्यापेक्षा फूफीच जास्त घाबरली. लग्नाचा मांडव सोडला तर ती कधी कुठल्या गर्दीत बसली नव्हती.

बरोबर माझी मैत्रीण होती. आमच्या मागच्याच गल्लीत तिचं घर, शेत ढाणकीच्या वाटेवर. तिचे बाबा, आमचे काका, तेव्हा कापसाची गाडी घेऊन रांगेतच बसले होते. आम्ही मैदानावर जाताना तिनं त्यांना भाकरीचं फडकं नेऊन दिलं. काका गाडीच्या दांडीवर बसून होते.

"कायची गर्दी व्हते तिथं," ते म्हणाले, "मधात बसू नका. कडेले बसा."

पण बायकांसाठी कड नव्हतीच. स्टेजच्या डाव्या हाताला बांबू रोवून, तिन्ही बाजूंनी कनात ताणून आमच्यासाठी एक कोंडवाडा केला होता. आत जायला मागच्या अंगाला एकच फट होती, एका वेळी दोघी शिरतील एवढी. आम्ही शिरलो तेव्हा आत जागा होती. ऊन उतरता उतरता मांडीला मांडी भिडली, आणि मग बायका एकमेकींच्या पायांवर बसू लागल्या. लेकरं रडत होती. कनातीपलीकडून पोरं बांबू हलवत होती, शिट्ट्या मारत होती. एक हात कनातीखालून आत आला, माझ्या शेजारच्या बाईनं त्यावर चपलेनं मारलं, सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी त्या फटीकडे पाहत होते. ती आता दिसतच नव्हती, नुसती डोकी होती.

फूफीनं तिच्या ओढणीचं टोक माझ्या ओढणीला बांधलं. चांगली घट्ट गाठ मारली.

"ये क्या कर रही?"

"खो गई तो मैं तेरे बाप को क्या मुँह दिखाऊँ?"

चारची वेळ सांगितली होती. ती आली तेव्हा दिवस बुडत होता. सडकेवर गाड्यांची रांग असल्यानं तिची मोटार अडकली होती म्हणे. त्यामुळं पुरुषांच्या बाजूची गर्दी आधीच चिडलेली. "काहून बसवून ठेवलं?" असं ओरडत मागचे पुढच्यांना ढकलत होते आणि प्रत्येक ढकलीबरोबर आमची कनात पोटासारखी आत येत होती. मला घरी जावंसं वाटत होतं. खरं सांगते, ती स्टेजवर यायच्या आधीच मला घरी जायचं होतं.

मग ती आली. कॅसेटवरच्या फोटोपेक्षा लहानखुरी, थंडीनं खांदे आखडलेली, चमचमत्या कपड्यांची. तिनं माइकमध्ये नुसता श्वास घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो श्वास मला पाठ होता, पहिल्या गाण्याआधी कॅसेटवर तोच यायचा. मी मैत्रिणीचा हात धरला. आम्ही दोघी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. तेवढा वेळ मात्र भीती कुठं गेली होती कोण जाणे.

कार्यक्रम ठेवणाऱ्या पुढाऱ्याच्या पोरांनी स्टेजच्या बाजूनं फटाके सुरू केले. अनार उडाले, मग रॉकेट. एक सरळ वर गेलं. दुसऱ्याची बाटली कलंडली असावी, ते तिरपं निघालं, आमच्या डोक्यांवरून सूं करत मागं गेलं आणि यार्डाच्या भिंतीपलीकडे पडलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मैत्रिणीनं मान वळवली ती वळवलेलीच राहिली. "तिकडे गाड्या हायेत," ती म्हणाली.

"विझलं असंन," मी म्हणाले.

"माहे बाबा तिकडे हायेत वो."

गाणं चालू होतं. ढोल छातीत वाजत होता. कनातीच्या वरून मागं पाहिलं तर आकाश नुसतं तांबूस होतं, दिवस बुडतीचं असेल असं कुणालाही वाटावं. पण सूर्य त्या बाजूला नव्हता. मग वास आला. कापूस जळतो तो वास कापसाच्या गावात कुणाला सांगावा लागत नाही. जुनं चिरगूट चुलीत गेल्यासारखा, कडू, घशाला धरणारा. आमच्या पुढं बसलेल्या एका म्हातारीनं नाक वर केलं आणि इकडंतिकडं पाहिलं.

मैत्रीण उठली. फूफीनं तिचं मनगट पकडून तिला खाली बसवलं. फूफीनंही वास घेतला होता.

"चिल्लाना नक्को," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तू आग बोली तो ये सब उठेंगे. दरवाजा एकच है."

"फूफी, माहे बाबा..."

"तेरे बाबा बाहर हैं बेटी. खुल्ले में हैं. हम अंदर हैं."

हे ऐकलं आणि मी मागं वळून पाहिलं. फट मागं होती. आगही मागंच होती. मध्ये एवढ्या बायका, एवढी लेकरं, आणि कनातीचं कापड वाळलेलं. मी ओरडले तर माणसं तुडवली जातील, नाही ओरडले तर ठिणगी येईल.

त्याच वेळी ती गात गात स्टेजच्या कडेला, आमच्या बाजूला आली. पुढच्या पोरी हात वर करत होत्या, ती वाकून हात लावत होती. मी काय करतेय ते मला कळायच्या आत मी उठले, गाठीनं बांधलेल्या फूफीला ओढत दोन-तीन बायकांवरून पाय टाकला आणि तिचा हात पकडला. कॅसेट आली तेव्हापासून मी हाच क्षण डोळ्यांपुढं आणला होता. तिला काय म्हणायचं तेही ठरवलेलं होतं.

"दीदी, पीछे आग है," मी म्हणाले.

तिचा हात बर्फासारखा होता. ती ओठ हसरे ठेवूनच माइक बाजूला करून म्हणाली, "मालूम है. बैठ जाओ. प्लीज, बैठ जाओ."

तेव्हा मला समजलं. आम्ही सगळे तिच्याकडे तोंड करून होतो. यार्डाकडे तोंड करून उभी असलेली तीच होती. रॉकेट पडलं तेव्हापासून ती ते बघत होती आणि गात होती.

तिनं वाद्यं थांबवायला हात केला. "अब सब बैठ जाओ," ती म्हणाली, "बैठोगे तो धीमेवाला गाना गाऊँगी." पुरुषांची पुढची बाजू हुर्रे करत बसू लागली. आमच्या बायकाही सावरून बसल्या. एवढ्यात मागून कुणीतरी पुरुष ओरडला, "आग! यार्डाले आग लागली!"

नंतरचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आवाज आधी आला, बांबू मोडल्याचा. मग उजवीकडची कनात आमच्यावर आली, आणि तिच्यामागं माणसं. सगळ्या एकदम उठल्या. मला कुणी ढकललं नाही, मी उचललीच गेले, पाय जमिनीला नव्हते. मैत्रीण समोर होती, मग नव्हती. फूफी बांबूच्या त्या अंगाला गेली, मी या अंगाला, आणि आमच्या दोघींची ओढणी मध्ये बांबूला अडकली. गळ्याला फास बसला. गर्दी फूफीला तिकडं नेत होती आणि प्रत्येक रेट्याला माझा श्वास बंद होत होता. मी गाठ शोधत होते. नखं लागत नव्हती. डोळ्यांपुढं काळं आलं तेव्हा मला एवढंच वाटलं की अब्बा दुकान बंद करून जेवायला बसले असतील.

मग फास सुटला. फूफीनं आपल्या अंगावरची ओढणी सोडून दिली होती. भर बाजारात डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी ती बाई तशीच उघड्या डोक्यानं गर्दीत गेली आणि दिसेनाशी झाली.

मी पडले. स्टेजच्या पायाशी पडले म्हणून वाचले, तिथल्या लाकडाच्या चौकटीला धरून बसता आलं. डोक्यावर तिचा आवाज होता. ती स्टेज सोडून गेली नव्हती. "जो जहाँ है वहीं बैठो, बच्चों को गोद में लो," असं म्हणाली आणि धीम्या गाण्याचा मुखडा सुरू केला. मग परत तोच मुखडा. मग परत तोच. मला ते गाणं श्वासासकट पाठ होतं, म्हणून लक्षात आलं की तिला अंतरा आठवतच नव्हता. भीतीनं तिच्या डोक्यातून तिचंच गाणं गेलं होतं.

मी अंतरा म्हणायला लागले. घसा दुखत होता, आवाज फाटत होता. शेजारच्या एका पोरीनं साथ दिली, मग आणखी कुणी. वर तिला ऐकू आलं असावं, तिनं शब्द उचलला. आम्ही बसलेल्या बायका रडत गात होतो. एकीच्या मांडीवर कुणाचं तरी दुसरीचं लेकरू होतं. कोपऱ्यातली गर्दी तेवढी सैल झाली, निदान आमच्या अंगावर येणं थांबलं. धूर आता खाली उतरला होता.

मग डाव्या बाजूची कनात बाहेरून टरटर फाटली. फाडणारे गाडीवाले होते, हातात विळे, दोर कापायचे चाकू. आपापले बैल सोडून, कापूस जळता टाकून ते बायकांना काढायला आले होते. त्यांच्यात काका होते. भुवया जळलेल्या. त्यांनी मला दंडाला धरून उचललं आणि विचारलं, "माही पोरगी?"

मी मोडलेल्या कनातीकडे बोट केलं.

मैत्रीण सापडली. यार्डातल्या धान्याच्या ओट्यावर बसली होती, एक चप्पल नाही, आणि शेजारी फूफी, डावा हात छातीशी धरून. गर्दीत एकमेकींना सापडल्या होत्या आणि फूफीनं तिला भिंतीशी धरून स्वतः रेटा खाल्ला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. काकांनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून फूफीच्या डोक्यावर टाकला, तिच्याकडे न पाहता.

आम्हाला यार्डातल्या, आगीपासून लांबच्या एका खोलीत नेलं. तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर ती गाणारी बसली होती. रस्ता मोकळा होईपर्यंत तिलाही तिथंच बसवलेलं. सँडल काढून ठेवलेले, पाय सिमेंटवर, हातात पाण्याचा गिलास.

"किसी की जान तो नहीं गई?" तिनं विचारलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारत होती.

कुणाची गेली नव्हती. पण तेव्हा कुणालाच ते नक्की माहीत नव्हतं. फूफी मोडक्या हातानिशी तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बेटी, कुछ खाया तूने?"

ती तोंड झाकून रडायला लागली. फूफी चांगल्या हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी दारात उभी होते. सही मागायचं मनातही आलं नाही. थोड्या वेळानं शिपाई आला, तिला घेऊन गेला. ती सँडल हातात घेऊनच गेली.

काकांची गाडी जळली नाही, पण वाचवायला म्हणून टँकरचं पाणी मारलं होतं. तो कापूस त्यांनी आठवडाभर अंगणात वाळवला. पिवळा पडला. यार्डानं घेतला नाही. त्या दिवसांत मैत्रीण माझ्याकडे आली की आम्ही दोघी बोलायचो, पण टेप लावत नव्हतो. फूफीचा हात जुळला, वर मात्र कधी पूर्ण गेला नाही.

मी मोठी झाले, लग्न होऊन नांदेडला आले. अलीकडे माझ्या मुलीनं हट्ट धरला म्हणून तिला एका गायकाच्या कार्यक्रमाला नेलं. मी शेवटच्या रांगेतली खुर्ची धरली, बाहेर जायच्या वाटेजवळची.

"अम्मी, इथून काय दिसतं?" ती वैतागली.

"तू जा पुढं," मी म्हणाले.

ती गेली, मैत्रिणींच्या घोळक्यात शिरली. थोडा वेळ तिची लाल ओढणी दिसत होती. मग दिवे मालवले, सगळे ओरडले, आणि ती ओढणी दिसेना. मी खुर्चीची कड धरून उभीच राहिले.