फक्कीच्या भिंती

मैदान आखताना फक्कीचा चुनकट वास आला की आमचं दहिवलीजवळचं एका खोलीचं जुनं घर आठवतं. तिथं मी अभ्यासाला बसले की येणारा-जाणारा माझ्या पुस्तकावरून ढेंग टाकून जायचा. मी नववीत असताना नवं घर बांधायचं ठरलं, तेव्हा बाबांनी खळ्यावर फक्कीनं भिंती आखल्या आणि "हा तुझा कोपरा" म्हणून मला त्यात बसवलं. आई म्हणाली, "आदी राहून तर बगू," आणि तिनं सगळ्यांना रोजच्या संध्याकाळची ये-जा त्या रेघांत करून दाखवायला लावली. ती रिकामा हंडा घेऊन मागच्या दारानं आली, काका खांद्यावर भाताचं पोतं घेऊन आले, आजी काठी टेकत मोरीकडं निघाली, आणि तिघंही माझ्यापाशी येऊन अडकली. "पोरगी हाय का एष्टीचा थांबा रं?" काका हसले. "जागाच तेवढी हाय गं," बाबा पुटपुटले. आईनं हंडा खाली ठेवला, दाराची आणि मोरीची रेघ पायानं पुसली आणि दोन्ही पार पलीकडच्या टोकाला नेली. "आता चाला परत." सगळे पुन्हा चालले, पण माझ्याकडं कुणीच फिरकलं नाही. घर तसंच बांधलं. त्या कोपऱ्यात बसून मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.