टोकावरून घर

शहराकडे जरा पाठ करावी म्हणून मी आणि बायको रत्नागिरीच्या सड्याच्या उघड्या कातळपठारावरून सकाळभर चालत समुद्रात शिरलेल्या टोकावर पोचलो. तिन्ही बाजूंना पाणी, वारा असा की ओढणी सांभाळताना तिची त्रेधा उडत होती. आणि तिथं आलेली बाकीची माणसं? समुद्राकडे पाठ करून शहराकडे बोट दाखवत होती! "ती निळी टाकी दिसली? तिच्या डावीकडे आपलं घर."

माणूस लांब जातो तो बहुतेक आपलं घर केवढं दिसतं ते बघायलाच. मला हसू आलं आणि मीही वळलोच.

बाबांचे गुडघे आता चढ मानत नाहीत. निघताना म्हणाले होते, "टोकावर पोचलात की हात करा. मी गॅलरीत बसतो."

आमची इमारतच इथून तांदळाच्या दाण्याएवढी होती. "एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार?" मी म्हणालो.

"ते त्यांनाही माहीत आहे," म्हणत तिनं ओढणी काढली आणि दोन्ही हातांनी उंच धरून फडकवली.

दुपारी घरी आलो तर बाबा अजून गॅलरीतच, उन्हात. "दिसलो का?" मी विचारलं.

"तुमचं राहू दे," ते म्हणाले. "मी इथून टॉवेल हलवत होतो. दिसला ना?"

"दिसला की," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.