वेंडेलच्या दारातलं स्टूल

घर बघायला गेलं की प्रल्हाद वझलवार आधी तळघरात उतरायचा. एजंटला वरचं नवं किचन दाखवायची घाई असायची, आणि हा खाली ओल बघत भिंतीला तळहात लावून उभा असायचा. कोपऱ्यात जाऊन वास घ्यायचा, वॉटर हीटर किती सालचा आहे ते वाकून वाचायचा. रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी मला त्याचा फोन यायचा, "चल बे संजीव, आज घर खरं बोलेल." मी एका ट्रकिंग कंपनीचे हिशेब बघतो. मूळचा सांगलीचा, बी.कॉम. आकडे माझे आणि तळघर त्याचं, अशी आमची वाटणी वीस-बावीस वर्षं चालली.

प्रल्हाद नागपूरचा, माझ्यासारखाच अमेरिकेत स्थिरावलेला इंजिनियर. टेलिकॉममधली नोकरी गेली तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता. आठ महिन्यांनी पुन्हा लागली, पण त्या महिन्यांची धास्ती गेली नाही. पगार बंद पडला तरी घरात काहीतरी येत राहावं म्हणून त्याने आम्ही राहतो त्या नेपरव्हिलपासून अर्ध्या तासावर, जोलिएटमध्ये, एक जुनी विटांची इमारत घेतली. वर दोन घरं, खाली दोन. तो स्वतःच्या हाताने नळ दुरुस्त करायचा, बर्फ काढायचा, बॉयलरशी भांडायचा. नवा भाडेकरू निवडायची त्याची एक रीत होती. बोलणं झालं की तो माणसाला निरोप द्यायला त्याच्या गाडीपर्यंत जायचा आणि काचेतून आत बघायचा. "आज जो कचरा गाडीत आहे, तो सहा महिन्यांनी माझ्या घरात असेल," असं म्हणायचा. त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

तळमजल्यावर डावीकडे राहणाऱ्या वेंडेलची गाडी बघायची वेळ आली नाही. तो इमारतीबरोबरच आला होता. शाळेची बस चालवायचा, पुढे निवृत्त झाला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बाकीचे तिघे फोनवरून भाडं भरायचे. वेंडेल चेक लिहायचा, आणि तो घ्यायला प्रल्हाद दर पहिल्या तारखेला स्वतः जायचा. जाताना शुभावहिनींचा चिवडा न्यायचा. वेंडेल त्याला नाश्त्याचं 'तिखट सीरियल' म्हणायचा आणि चमच्याने खायचा.

प्रल्हाद दारातच बूट काढायचा. पहिल्यांदा वेंडेल हसला होता. "प्राल, घर तुझं आहे. बूट घालून ये."

"घर माझं असेल, पण राहतोस तू," प्रल्हाद म्हणाला आणि मोज्यांवर आत गेला.

पुढे प्रल्हादचे गुडघे धरले. बर्फाचे उंच बूट उभ्याने निघेनात. एका पहिल्या तारखेला तो गेला तर दाराच्या आत, डाव्या हाताला, एक बुटकं लाकडी स्टूल होतं. वेंडेलने ते स्वतः बनवलं होतं. त्यावर बसून प्रल्हाद लेस सोडायचा आणि तोवर आत कॉफी तयार व्हायची.

लीज फक्त पहिल्या वर्षी झालं. मग ते संपलं आणि पुन्हा झालं नाही. दर जानेवारीत टॅक्सचे कागद लावताना मी विचारायचो, "वेंडेलचं लीज?"

"अबे, ज्याच्या घरी दर महिन्याला कॉफी पितो त्याला म्हणू, सही कर? काय वाटेल त्याला? मी त्याला सांगून ठेवलंय, राहायचं तितकं राहा."

"सांगणं वेगळं, कागद वेगळा."

"तू झालास पुरा अमेरिकन," असं म्हणून तो माझ्या पुढ्यात चिवडा सरकवायचा. मीही मग विषय सोडायचो. भाडं त्याने एकोणीस वर्षांत तीनदा वाढवलं, तेही नाममात्र.

लागोपाठ दोन हिवाळे शुभावहिनींना न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी तीन आठवडे इस्पितळात होत्या. पुढचा हिवाळा इथे काढू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलगी आसावरी वाळवंटातल्या उबदार चँडलरला असते, कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत. तिने तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर घरही बघून ठेवलं. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर बसलो होतो. "Dad, just sell it. Please," ती म्हणाली. मग तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आईला श्वास नाही येत."

इमारत विकल्याशिवाय चँडलरचं घर होत नव्हतं. मी कागद तयार केले. तीन घरांचं भाडं बाजाराप्रमाणे होतं, चौथ्याचं जवळजवळ निम्मं. इमारतीची किंमत भाड्यावरून ठरते. वेंडेलच्या ओळीपुढे मी पेन्सिलीने खूण केली.

घेणारा देवांग नावाचा, चाळिशीचा, अशा वीस इमारती असलेला माणूस होता. वागायला नीट. प्रल्हादला अंकल म्हणायचा. त्याने कागद चाळले आणि माझ्या खुणेवर बोट ठेवलं.

"अंकल, तीन लीज आहेत ती मी पाळीन, पाळावीच लागतील. हे डावीकडचं मला रिकामं द्या. सगळं तोडून नवं करायचंय. त्यांचं तर लीजच नाही ना?"

"म्हातारा माणूस आहे. एक वर्ष राहू द्या," प्रल्हाद म्हणाला.

"मग किंमत तेवढी कमी करावी लागेल, अंकल."

ती कमी किंमत मी तिथेच मांडून बघितली. तेवढ्यात चँडलरचं घर येत नव्हतं.

परतताना प्रल्हादने गाडी हायवेला लावली. मग म्हणाला, "लीज असतं तर?"

"तर देवांगला त्याला हात लावता आला नसता."

वेंडेलला वाईट वाटू नये म्हणून त्याने सही मागितली नव्हती. त्या सहीनेच वेंडेल वाचला असता. गाडीत आम्हा दोघांनाही ते कळलं होतं.

वकिलाने साठ दिवसांची नोटीस तयार केली. प्रल्हादने एकच गोष्ट मागितली. "आधी मी माझ्या तोंडाने सांगतो. कागद नंतर जाऊ दे."

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला तो गेला. संध्याकाळी मी फोन केला. "सांगितलंस?"

"त्याचा नळ गळत होता. वॉशर बदललं."

"प्रल्हाद, जे घर तोडणार आहेत त्यातलं वॉशर?"

"गळत होता यार," तो म्हणाला.

ऑक्टोबरमध्ये वेंडेलच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. "इंडियानाला असते. तो त्याच काळजीत होता. अशात कसं सांगू?" प्रल्हाद म्हणाला. शुभावहिनी सोफ्यावर पांघरूण घेऊन बसल्या होत्या. "एकोणीस वर्षं भाडं मागायला तोंड होतं ना? ते आता कुठे गेलं?" त्या म्हणाल्या, आणि पुढचं खोकल्यात गेलं. खोकला थांबेपर्यंत प्रल्हाद पाण्याचा पेला धरून उभा होता.

ऑक्टोबरच्या अखेरीस वकिलाचा निरोप आला. आता थांबलो तर व्यवहाराची तारीख चुकते. "पाठवा," प्रल्हाद म्हणाला. कागद टपालाने जाईल, चार-पाच दिवस लागतील, तोवर पहिली तारीख येते, असा त्याने हिशेब केला. अशी नोटीस माणूस दारात जाऊन हातात देतो, हे मला माहीत होतं. तो माझ्याशी बोलला असता तर मी सांगितलं असतं. पण मीही विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मी बरोबर गेलो. तुला नाही जमलं तर मी सांगेन, असं ठरलं होतं. प्रल्हादच्या हातात चिवड्याचा डबा होता. वेंडेलने दार उघडलं. माझ्याकडे बघून मान हलवली. मागे टेबलावर उघडलेलं पाकीट दिसत होतं. प्रल्हाद नेहमीच्या सवयीने आत वळला, स्टुलावर बसला आणि बुटाच्या लेसला हात घातला.

"आज बूट राहू दे, प्राल," वेंडेल म्हणाला.

प्रल्हाद तसाच वाकलेला राहिला.

"मंगळवारी एक पोरगी देऊन गेली. तिला वाटलं मी चिडेन. घाबरली होती बिचारी. मीच तिला म्हटलं, काही हरकत नाही." त्याने प्रल्हादकडे बघितलं. "सप्टेंबरमध्ये तुला माहीत होतं?"

"हो."

"नळ दुरुस्त केलास तेव्हा?"

"हो."

"शुभा कशी आहे?"

"बरी नाही. म्हणूनच वेंडेल, मी..."

"ते मला समजलं असतं," वेंडेल म्हणाला.

मी सगळं पाठ करून आलो होतो, डॉक्टरांचं, किमतीचं, तारखांचं. त्यातलं काहीच बोललो नाही. वेंडेलने टेबलावरून चेक आणून प्रल्हादच्या हातात दिला. प्रल्हादने डबा पुढे केला. "नको, आता सामान कमी करायचंय," वेंडेल म्हणाला. आम्ही पाच मिनिटांत बाहेर आलो. तो चेक प्रल्हादने कधीच बँकेत भरला नाही. माझ्या फायलीत ती नोंद अजून उघडी आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो वहिनींना घेऊन चँडलरला गेला. इथली थंडी तोवर हाडांत शिरायला लागली होती. वेंडेलने मुदत पुरी केली नाही. नाताळाच्या आधीच बहिणीकडे गेला. कुणाला पत्ता दिला नाही. किल्ल्या माझ्या नावाने पाकिटात घालून इमारतीतल्या टपालाच्या पेटीत ठेवल्या होत्या.

ताबा देण्याआधी घर बघायचं काम माझ्याकडे आलं. मी यादी घेऊन गेलो. ओटा पुसलेला होता, फ्रिज रिकामा, भिंतींतली खिळ्यांची भोकंसुद्धा बुजवलेली. नळ गळत नव्हता. तिथूनच मी फोन लावला. प्रल्हादच्या मागे कुठेतरी आसावरीची मुलगी इंग्रजीत गाणं म्हणत होती.

"घर कसं ठेवलंय?" त्याने विचारलं.

"स्वच्छ. आपण घेतलं होतं त्याहून चांगलं."

"वहिनी तुझी आज चालून आली. अर्धा मैल."

"वा, छान झालं."

मागचं गाणं लांब गेलं. "संजीव, दार उघडल्यावर डाव्या हाताला..."

ते तिथेच होतं. त्या घरात ती एकच वस्तू मागे राहिली होती. नाही म्हणावं असं मला क्षणभर वाटलं. वेंडेल ते बरोबर घेऊन गेला, एवढंच प्रल्हादला ऐकायचं होतं. पण आयुष्यभर जे समोर आहे तेच लिहीत आलो आहे.

"आहे," मी म्हणालो.

फोन त्याने ठेवला नाही. यादीत शेवटी 'मागे राहिलेल्या वस्तू' असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला, सही केली आणि स्टूल गाडीत टाकलं. सध्या ते माझ्या गॅरेजमध्ये आहे. प्रल्हादने त्याच्याबद्दल पुन्हा विचारलेलं नाही.