पाणी लागू द्या

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीत दुधापेक्षा पाण्याच्याच गप्पा जास्त चालायच्या. सोसायटीची विहीर खोल करायला तेलगावाकडून एक माणूस आला. पहारेनं खडक ठोकायचा आणि लेकराच्या छातीला लावावा तसा त्याला कान लावायचा. पहिल्याच दिवशी चेअरमन अण्णांनी वरून विचारलं, "कोन्या समाजाचा रं तू?"

"पानी लागू द्या अण्णा, मंग सांगतो," तो हसून म्हणाला.

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. तोवर अण्णांनी त्याला प्यायला पोचा आलेला एक तांब्या वेगळा काढून दिला होता. ते दिसत असूनही मी खाली मान घालून दुधाची मापं लिहीत राहिलो.

आठव्या दिवशी भर दुपारी खालून आरोळी आली, "लागलं! अण्णा, लागलं!" मी दुधाचं माप हातात घेऊनच पळालो. रिवाज असा, की पहिला घोट खणणाऱ्यानंच चाखायचा. त्यानं आपला तांब्या बुडवला, तोंडाला लावला आणि ओरडला, "लई गोड हाय!" तोच तांब्या दोराला बांधून वर आला. अण्णा अक्षरशः नाचत होते. त्यांनी तो हिसकावून तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी प्यायले.

तेवढ्यात तो माणूसही दोर धरून वर आला. पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी. "आता इचारा की, अण्णा!"

अण्णांची नजर तांब्याच्या पोच्यावर गेली. शेवटचा घोट तोंडातच होता. आम्ही सगळे त्यांच्या गालांकडे बघत राहिलो.

अण्णांनी घोट गिळला आणि रिकामा तांब्या त्याच्यापुढं धरला.

"आजून आन."